११ बाय १६चा हॉल, जुना १०८०पी प्रोजेक्टर: ४के घेताना काय काय जुळवावं लागेल?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. हॉल ११ बाय १६ फूट, छत ९ फूट २ इंच. ११ फुटी भिंतीवर १०० इंची, पांढरी, ओढून खाली घ्यायची स्क्रीन आहे. प्रोजेक्टर स्लॅबला पाइपवर टांगलेला, लेन्सपासून स्क्रीन ३.२ मीटर. सोफा स्क्रीनपासून ११ फुटांवर. स्क्रीन आणि प्रोजेक्टरच्या मध्ये छताचा पंखा आहे. पाइप लांब असल्याने प्रकाश सध्या पात्यांच्या खालून जातो.

प्रोजेक्टर डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणारा), १०८०पी, २४० वॅटचा बल्ब, थ्रो रेशो (स्क्रीनपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.१५ ते १.५. दुसरा बल्ब संपत आलाय. सुरू करताना कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो आणि चित्रात दहाबारा पांढरे ठिपके कायमचे दिसतात. एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज आणि प्रोजेक्टरला चित्र पुरवणारा) त्याच काळातला, एचडीएमआय १.४चा, पण ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) आवाज अजून उत्तम देतो. सोबत ४के (१०८०पीच्या चौपट पिक्सेल) स्ट्रीमिंग स्टिक आणि सेट टॉप बॉक्स. १० मीटरची एचडीएमआय केबल भिंतीतल्या कन्सील्ड पाऊण इंची पाइपातून गेली आहे.

रात्री सिनेमे, शनिवार-रविवारी दुपारी मॅच. खिडकी पश्चिमेला. बजेट सगळं धरून दोन लाख. बल्ब आणि ठिपक्यांची चिप बदलून आणखी काही वर्षं काढावीत, की नवा घ्यावा? नवा घेतला तर लेझर, अल्ट्रा शॉर्ट थ्रो (स्क्रीनच्या अगदी जवळ, खाली ठेवायचा) की बल्बवालाच? आणि ११ फुटांवरून ४के खरंच दिसतं का?

थ्रो_रेशो

आधी जुन्याचं बोलू. पांढरे ठिपके म्हणजे डीएमडी चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकले आहेत. खात्री करायची असेल तर सगळे इनपुट काढून प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू लावा. ठिपके तिथेही असतील, धारदार असतील आणि झूम फिरवल्यावर चित्राबरोबर सरकत असतील, तर दोष चिपचाच. धुळीचा डाग असता तर तो पसरट, फोकसबाहेरचा दिसला असता. हे ठिपके एकदा सुरू झाले की वाढतच जातात, कारण चिपला उष्णता आणि प्रकाश रोजच मिळत राहतो. शिट्टी बहुतेक कलर व्हीलच्या (आत फिरणाऱ्या रंगीत चकतीच्या) बेअरिंगची आहे. चिप, व्हील आणि बल्ब असा तिहेरी खर्च या वयाच्या मशीनवर करू नका. तिसरा बल्ब तर नक्कीच नको.

आता मॅचचा प्रश्न, कारण तुमच्या निवडीची दिशा तोच ठरवतो. १०० इंची १६:९ स्क्रीन २२१.४ बाय १२४.५ सेंमी असते, म्हणजे २.७६ चौरस मीटर. प्रोजेक्टरने चांगल्या रंगांच्या मोडमध्ये १५०० ल्युमेन (एकूण प्रकाश) दिले तर स्क्रीनवर सुमारे ५४५ लक्स (दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन) पडतात. दुपारी खोलीतला १०० लक्स उजेडही त्याच स्क्रीनवर पडत असेल, तर पांढऱ्या आणि काळ्यातलं गुणोत्तर उरतं ६.४ ला १. ल्युमेन दुप्पट केलेत तरी ते जेमतेम १२ ला १ होतं. पण प्रोजेक्टर तोच ठेवून खोलीचा उजेड २० लक्सवर आणलात तर ते थेट २८ ला १. म्हणून पहिला खर्च पश्चिमेच्या खिडकीवर करा. ब्लॅकआउट पडदा, चौकटीच्या दोन्ही बाजूंना किमान १५ सेंमी जास्त, वर पेल्मेट (पडद्याची दांडी झाकणारी पेटी), खाली जमिनीला टेकणारा. उन्हं उतरायला लागली की पडद्याच्या कापडातून येणारा उजेड थोडाच असतो, कडांच्या फटीतून येणारा जास्त.

रात्रीचं गणित वेगळं आहे. थिएटरमध्ये डिजिटल सिनेमासाठी ४८ निट्सचं (स्क्रीनच्या झळाळीचं माप) प्रमाण धरतात. १ गेनच्या (साध्या पांढऱ्या पृष्ठभागाइतकाच उजेड परतवणाऱ्या) १०० इंची स्क्रीनवर तेवढ्यासाठी सुमारे ४१५ ल्युमेन पुरतात. त्यामुळे अंधारात साध्या चित्रासाठी तीन-चार हजार ल्युमेनच्या मागे धावायचं कारण नाही. एचडीआरला (उजेड-सावलीचा आवाका जास्त असलेल्या चित्राला) याच्या दुप्पट-तिप्पट असलं तर बरं. बॉक्सवरचा आकडा सगळ्यात हिरव्या, भडक मोडचा असतो. रंग नीट असलेल्या मोडमध्ये तो बराच खाली येतो, म्हणून दुकानात सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावूनच बघा.

४के दिसतं का? १०० इंचावर १०८०पीचा एक पिक्सेल १.१५ मिलिमीटरचा. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो, आणि त्या हिशेबाने हा पिक्सेल साधारण १३ फुटांपर्यंत वेगळा कळतो. तुम्ही ११ वर आहात, म्हणजे फरक दिसेल, पण थक्क करणारा नाही. १०८०पीवरून वर जाताना डोळ्यात भरेल तो एचडीआरचा उजेड-सावलीचा आवाका, रंगांची व्याप्ती आणि ताजा प्रकाशस्रोत. दोन लाखांच्या आत जे ४के मिळतं ते पिक्सेल सरकवून केलेलं असतं. ०.४७ इंची डीएमडी १०८०पीचीच असते, ती एका फ्रेममध्ये चार जागी चित्र टाकते, त्यामुळे ८३ लाख पिक्सेल भरतात. एप्सनच्या ईएच-टीडब्ल्यू७००० आणि ७१०० मध्ये तीन १०८०पी एलसीडी पॅनेल सरकवली जातात. मूळचं ४के पॅनेल सोनी आणि जेव्हीसीकडे मिळतं, पण ती किंमत तुमच्या हिशेबाबाहेरची.

आणि आता खरी अडचण: अंतर. तुमचं स्लॅबमधलं छिद्र, पाइप, पंखा सगळं ठरलेलं आहे, म्हणून लेन्स त्यात बसली पाहिजे. स्क्रीनची रुंदी गुणिले थ्रो रेशो एवढं सोपं आहे. बेनक्यूच्या डब्ल्यू२७०० चा रेशो १.१३ ते १.४७, म्हणजे १०० इंचासाठी २५० ते ३२५ सेंमी. तुमचे ३२० त्यात बसतात, पण अगदी काठावर. एप्सनचा १.३२ ते २.१५, म्हणजे २९२ ते ४७६. हा आरामात बसतो. आजकालचे बरेच गुटगुटीत लेझर आणि एलईडी प्रोजेक्टर १.२च्या ठरीव लेन्सचे, बिनझूमचे असतात. त्यांना ३२० सेंमीवर टांगलंत तर चित्र १२० इंचांचं होईल. ते डिजिटल झूमने १०० वर आणणं म्हणजे विकत घेतलेले पिक्सेल बंद करून ठेवणं. कीस्टोनचंही (तिरपं पडलेलं चित्र डिजिटल पद्धतीने चौकोनी करण्याचंही) तेच. तिरपं टांगून कीस्टोनने सरळ करायचं म्हटलं की ४केचा बारीक तपशील आधी जातो.

मला तीन मापं द्या: स्क्रीनच्या चित्राच्या वरच्या कडेपासून लेन्सचा मध्य किती वर आहे, लेन्स स्क्रीनच्या मध्यापासून डावी-उजवीकडे किती सरकलेली आहे, आणि पडदे लावल्यावर दुपारी स्क्रीनपाशी किती लक्स आहेत. फोनवरचं लक्स ॲप अंदाजापुरतं चालेल.

वायरमन_दादर

प्रोजेक्टरच्या आधी केबल आणि रिसीव्हर बघा, नाहीतर नवा माल आला तरी १०८०पीच दिसेल.

४के ६० फ्रेमला एचडीआरसकट सेकंदाला १८ गिगाबिट लागतात. तुमची जुनी १० मीटरची तांब्याची केबल १०.२ गिगाबिटची असणार. गंमत अशी की २४ फ्रेमचा सिनेमा ४:२:२ मध्ये (रंगांची माहिती कमी करून पाठवायची पद्धत) ८.९ गिगाबिटात भागतो, त्यामुळे सिनेमा नीट चालतो आणि स्टिकच्या ६० फ्रेमच्या मेनूत आलं की स्क्रीन काळी होते किंवा चमचमणारे ठिपके येतात. लोक मग प्रोजेक्टरला दोष देतात.

१० मीटरसाठी फायबर एचडीएमआय घ्या. पण पाऊण इंची पाइपाच्या आतला व्यास एचडीएमआयच्या प्लगपेक्षा कमी असतो, प्लग साधारण २० मिमी रुंद. तुमची केबल प्लास्टरच्या आधीच टाकलेली असणार. म्हणून सुटं डोकं असलेली केबल मागा, जिच्या टोकाला मायक्रो एचडीएमआय असतं आणि वरून मोठा प्लग बसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळते. दुकानात किंवा घरी आधी जमिनीवर पसरून ४के ६० एचडीआर चालवून बघा, मगच पाइपात घाला. फायबरला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक स्टिक-रिसीव्हरच्या बाजूला, 'डिस्प्ले' प्रोजेक्टरकडे. उलटं ओढलंत तर परत सगळं बाहेर.

ओढताना जुन्या केबलचा एका बाजूचा प्लग कापा, तिला नायलॉनची दोरी आणि नवी केबल दोन्ही बांधा, गाठ इन्सुलेशन टेपने निमुळती करा, टाल्कम पावडर लावा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून सरळ सोडत राहायचं. ताण केबलच्या आवरणावर यायला हवा, टोकावर नाही. अडली तर झटका देऊ नका, मागे घेऊन पुन्हा. फायबर काटकोनात दुमडलं की संपलं. दोरी पाइपातच राहू द्या, पुढच्या वेळी कामाला येते.

रिसीव्हर: एचडीसीपी २.२ (४केचं कॉपी-संरक्षण) नसेल तर त्याच्यातून ४के जाणारच नाही. आवाज चांगला आहे म्हणताय, तर बदलू नका. स्टिकच्या पुढे दोन आउटपुटचा स्प्लिटर लावा, ज्याच्या एका आउटपुटवर १०८०पीला उतरवायची सोय आहे. ४के थेट प्रोजेक्टरला, उतरवलेलं चित्र आवाजासकट रिसीव्हरला. स्प्लिटरचा ईडीआयडी स्विच (कोणत्या यंत्राची क्षमता वाचून चित्र पाठवायचं ते ठरवणारा) प्रोजेक्टरच्या बाजूला ठेवा. नाहीतर तो रिसीव्हरची मर्यादा वाचून दोन्हीकडे १०८०पी पाठवतो. ऑप्टिकल केबलने आवाज काढायचा असेल तर स्टिकमध्ये आवाज 'डॉल्बी डिजिटल'वर ठरवा. डॉल्बी डिजिटल प्लस ऑप्टिकलमधून जात नाही आणि मग दोनच स्पीकर वाजतात.

सागरी_हवा

अल्ट्रा शॉर्ट थ्रोबद्दल. पंखा, पाइप, कन्सील्ड केबल हे सगळे प्रश्न तो एका फटक्यात मिटवतो आणि मॅचला तो खरोखर उजवा पडतो. पण सध्याची ओढायची स्क्रीन त्याला चालत नाही. प्रकाश खालून अगदी तिरपा येतो, त्यामुळे कापडाची प्रत्येक लाट सावलीसारखी दिसते. ताणलेली, चौकटीची, छताकडचा उजेड गिळणारी लेंटिक्युलर (बारीक खाचांची) स्क्रीन लागते, आणि ती बजेटचा मोठा लचका तोडते. स्क्रीन कायमची भिंतीवर राहील हेही घरच्यांना आधी विचारा.

लेझर की बल्ब: आठवड्याला १५ तास धरले तर वर्षाचे ७८०. ५००० तासांचा इको बल्ब सहा वर्षांवर जातो. लेझरचे २०,००० तास म्हणजे पंचवीस वर्षं, पण ते कागदावर. दोन्ही आकडे उजेड निम्मा होईपर्यंतचे आहेत. बल्ब घरी दोन स्क्रूंनी बदलता येतो. लेझर बिघडला तर सर्व्हिस सेंटरच, आणि वॉरंटी संपल्यावरचा खर्च मोठा. लेझरची सोय मात्र खरी आहे: लगेच सुरू, लगेच बंद, उजेड हळूहळू उतरतो. बल्बवाल्याला वीज गेली की पंखा गरम बल्बवर थांबतो, म्हणून १ केव्हीएचा यूपीएस लावा. पाच-दहा मिनिटं मिळाली तरी नीट बंद करता येतो.

मुंबईत पावसाळा विसरू नका. एलसीडी मशीनला हवेचा फिल्टर असतो आणि इथे सतत कुठेतरी बांधकाम चालू असतं. महिन्यातून एकदा फिल्टर मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. उघड्या स्वयंपाकघरातला फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप यांचा चिकट थर फिल्टरवर आणि लेन्सवर बसतो, त्यावर धूळ पक्की होते. जून ते सप्टेंबर मशीन आठवड्यातून निदान अर्धा तास चालवा, आतला दमटपणा जातो. प्लास्टिकची पिशवी चढवू नका, ओल आत कोंडते आणि लेन्सवर बुरशी धरते. सुती आवरण पुरे.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे आभार. मापं घेतली. लेन्सचा मध्य चित्राच्या वरच्या कडेपेक्षा २० सेंमी वर. आडव्या दिशेने लेन्स स्क्रीनच्या मध्यापासून ८ सेंमी उजवीकडे. दुपारी चार वाजता आत्ताचे पडदे लावून ९० लक्स, रात्री दिवे बंद करून १च्या आत. अल्ट्रा शॉर्ट थ्रो रद्द, चौकट भिंतीवर नको असं घरात ठरलं. एप्सनच्या बाजूने मन झुकतंय. पत्नीला डीएलपीवर सबटायटल्सच्या कडेला रंगांच्या रेघा दिसतात.

थ्रो_रेशो

रंगांच्या रेघा दिसत असतील तर प्रश्नच मिटला. एका चिपच्या डीएलपीत लाल, हिरवा, निळा एकामागून एक येतात, त्यातून ते होतं. तीन पॅनेलमध्ये तिन्ही एकाच वेळी येतात.

लेन्सची उंची मात्र जमत नाही. एप्सन ७०००/७१०० मध्ये उभा लेन्स शिफ्ट (मशीन न हलवता लेन्सने चित्र वर-खाली सरकवणं) चित्राच्या उंचीच्या ६० टक्के, म्हणजे १२४.५ चे ७४.७ सेंमी, चित्राच्या मध्यापासून. अर्धी उंची ६२.३ गेली की वरच्या कडेपलीकडे उरतात १२.४ सेंमी. तुमचे २० आहेत. शिवाय आडवा शिफ्टही ८ सेंमी हवाय. आडवा जितका वापराल तितका उभा कमी मिळतो, आणि शिफ्ट टोकाला नेला की कोपरे मऊ पडतात. म्हणून पाइप १२ सेंमीने लांब करा, म्हणजे लेन्स कडेपेक्षा ८ सेंमी वर येईल. प्रकाश पंख्यापासून आणखी खाली जाईल, त्यामुळे पात्यांची सावलीही टळेल. पाइप बदलणं शक्य नसेल तर स्क्रीन वरच्या बाजूला १२ सेंमी सरकवा, पण मग वरची कड आणि पंख्याची पाती यांतलं अंतर टेपने मोजून घ्या.

वजन बघा. तुमचं जुनं मशीन तीन किलोच्या आसपास असेल, हे सातच्या आसपास. जुना क्लॅम्प आणि प्लास्टिकचे प्लग यावर विसंबू नका. पीओपी फॉल्स सीलिंगला वजन अजिबात द्यायचं नाही, थेट स्लॅबमध्ये धातूचे अँकर फास्टनर घ्या. ड्रिल सळईला लागली तर जोर न करता दोन-तीन सेंमी बाजूला घ्या. स्लॅबमधून पंख्याची वायर कुठून गेली आहे ते आधी वायर डिटेक्टरने शोधा. मशीनच्या तळाचे स्क्रू मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या लांबीचेच वापरा. लांब स्क्रू आतल्या भागांना टेकतो.

९० लक्सवर १५०० ल्युमेनने ७ ला १ मिळेल. धावफलक वाचता येईल, चेंडूही दिसेल, पण खेळपट्टीचा रंग धुतलेला. पडदा बदलून २० च्या खाली आणा. पांढऱ्या भिंती आणि छत हेही चित्राचा उजेड परत स्क्रीनवर टाकतात. स्क्रीनपासून पुढे तीन-चार फूट छताला आणि बाजूच्या भिंतींना मॅट गडद राखाडी रंग दिलात तर रात्रीच्या काळ्या दृश्यांत जो फरक पडेल तो कोणत्याही महाग मशीनने पडणार नाही. घरात रंग मान्य नसेल तर निदान छताच्या तेवढ्या पट्ट्यावर करा.

जुनी स्क्रीन ठेवायची की नाही? चित्र चालू असताना तिच्यावर पांढरा कागद धरा. कागद थोडा निळसर दिसणारच, पण स्क्रीन त्याच्यापुढे पिवळी किंवा डागाळलेली दिसली तर ती बदला.

वायरमन_दादर

जोडणीनंतर तीन सेटिंगं राहून जातात. प्रोजेक्टरच्या एचडीएमआय इनपुटला पूर्ण बँडविड्थचा पर्याय मेनूतून चालू करावा लागतो, कारखान्यातून तो बऱ्याचदा साधा असतो. स्टिकमध्ये 'फ्रेम रेट जुळवा' चालू करा, म्हणजे सिनेमा २४ वर जाईल. सेट टॉप बॉक्स मात्र ५० हर्ट्झवर ठेवा. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण ५०चं आहे, ६० वर ठेवलंत तर बॅट फिरताना चित्र अडखळतं. एचडीआर काळपट वाटलं तर ब्राइटनेस वाढवू नका, काळं राखाडी होतं. त्यासाठी वेगळी एचडीआर पट्टी असते, ती एकेक पायरी सरकवा.

सागरी_हवा

बिल भारतीय वॉरंटीचं, अनुक्रमांकासह घ्या. बाहेरून आणलेल्या मशीनला इथलं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही. बल्बची वॉरंटी मशीनपेक्षा कमी काळाची किंवा तासांची असते, ती वेगळी वाचा. जुन्या किमतीची यादी कोणी दाखवली तर लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. त्याआधीच्या दरावर 'सवलत' म्हणून तेवढीच रक्कम दाखवतात.

आणि जुना बल्ब ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, त्यात पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चालू असताना फुटला तर मशीन बंद करून खिडक्या उघडा आणि अर्धा तास खोलीबाहेर थांबा.

मुलुंड_पूर्व

पाइप बदलणार, पडदा आधी शिवायला टाकतोय. शेवटचं एक: मशीन आल्यावर लगेच टांगावं का?

थ्रो_रेशो

नको. आधी टेबलावर ठेवून, खोली अंधारी करून, पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं अशी चित्रं लावा. मेलेला पिक्सेल, एका कोपऱ्यात पिवळट झाक, किंवा मध्य धारदार असताना एखादा कोपरा फोकसबाहेर राहणं हे तेव्हाच दिसतं. एलसीडीत तिन्ही रंग एकमेकांवर बसतात का हे काळ्यावरच्या पांढऱ्या बारीक रेघांनी बघा. अर्ध्या पिक्सेलएवढा फरक चालतो, मेनूतून जुळवताही येतो. पूर्ण पिक्सेलपेक्षा जास्त असेल तर परत करा. लेन्स तापून स्थिर व्हायला वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे फोकसचा निर्णय त्यानंतरच. परत करायची मुदत असेपर्यंत खोका आणि आतले थर्मोकोल सांभाळून ठेवा. सात किलोचं मशीन साध्या खोक्यातून सर्व्हिसला पाठवलं की लेन्स शिफ्टची यंत्रणा हलते.